बंबखान्याचा न वाजणारा फोन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळे मुकादम म्हणत. पद तसं नव्हतं, आवाज तसा होता. फोन जोडणाऱ्या जुन्या यंत्राच्या, स्विचच्या काळात तिने तारा ओढल्या, पकड धरून बोटांना घट्टे पाडून घेतले. नवा स्विच आला तेव्हा कीबोर्डवरही तीच बोटं बसली. लाइन चालू करायची म्हणजे आधी तारेची जोडणी, मग संगणकावर त्या नंबराला कामं नेमून द्यायची: कुठे लागावा, कुठून यावा, काय बंद ठेवावं. हे काम आपल्याइतकं चोख कुणी करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या सकाळी आग विझवणाऱ्यांच्या बंबखान्याची लाइन नव्या स्विचवर आणायची होती. तिचा धाकटा दीर बंबावर कामाला होता. लाइन चालू होताच त्याने तिकडून फोन लावला.

"वहिनी, काय खणखणीत आवाज! शेजारी बसल्यासारख्या वाटताय."

"शेजारी असते तर आधी दाढी करायला पाठवलं असतं. ठेवा आता, कामं पडलीत."

दुपारी डबा उघडला, तोच पुन्हा त्याचा फोन.

"तुमच्या हाताला यश आहे बघा. सकाळपासून एक रिंग नाही. पोरं पत्ते कुटताहेत, मी एक डुलकी काढली."

तिचा घास हातातच राहिला.

"एकही नाही? कुणाचा चुकून लागलेलासुद्धा नाही?"

"नाही. म्हणून तर म्हणतोय..."

"फोन ठेवा, भाऊजी. पत्तेही ठेवायला सांगा."

तिने बंबखान्याचा नंबर फिरवला. कानात टूं-टूं झालं आणि लाइन तुटली. कुठे काही पेटलं असेल, तर तिथला माणूस सकाळपासून हेच ऐकत असणार.

त्या नंबराची मांडणी पडद्यावर काढली तशी चूक समोरच दिसली. आदल्या दिवशी तिने दवाखान्याच्या लिफ्टमधला फोन चालू केला होता. आत अडकलेल्याने बाहेर बोलावं, एवढंच त्याचं काम. येणारे फोन बंद. बंबखान्यासाठी सगळं नव्याने भरायचं सोडून तिने तेच उचलून डकवलं आणि फक्त नंबर बदलला होता. एरवी प्रत्येक लाइन ती दोन्ही बाजूंनी वाजवून बघे. आज दिराचा आवाज ऐकला आणि पुढच्या कामाला लागली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय झालं, बाई?"

"बंबखान्याला फोन लागत नाही. चूक माझी. जरा बोलू नका."

तिने असं म्हटल्यावर कुणीच बोलत नसे. अडवलेली वाट तिने मोकळी केली, बदल पक्का केला, नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला दिराने उचलला.

"लागला, वहिनी!"

"ठेवा. लाइन मोकळी राहू द्या."

मग बसून राहण्यापलीकडे हातात काही नव्हतं, आणि बसणं तिला कधीच जमलं नाही. तिने आठवड्यातल्या नव्या लाइनी एकेक करून वाजवायला घेतल्या. मध्येच दिराचा फोन आला. आवाज उतरलेला.

"बेकरीमागच्या एका बाईंचा आला होता. सकाळी गोणपाटांना आग लागली. शेजाऱ्यांनी बादल्या मारून विझवली. कुणाला काही झालं नाही. पण मला जे बोलल्या, ते तुमच्यासमोर बोलवत नाही."

"नका बोलू. त्यांचा नंबर द्या."

साहेब म्हणाले, "आपण माफीचं पत्र पाठवू की."

"पत्र काय त्यांच्या शिव्या ऐकणार आहे?"

तिने नंबर लावला, चूक कुणाच्या हातची ते आधी सांगितलं आणि रिसीव्हर कानाला घट्ट धरला. पलीकडून तोफखाना सुटला. बादल्या, हात, दम, आळशी सरकारी माणसं, सगळं निघालं. ती मध्ये बोलली नाही. बाईंना धाप लागली तेव्हा तिने विचारलं,

"आणखी काही?"

"आहे!"

"मग बोला," ती म्हणाली आणि पायाने खुर्ची पुढे ओढली.