फाटकावर दिलेलं पाणी

बायकोच्या जलदान विधीला मंडपात एक नातलग म्हणाला, की तिनं पाण्याचं पथ्य पाळलं असतं तर अजून जगली असती. माझ्या मुलानं मान हलवली. मी समोरच बसलो होतो. त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही.

डायलिसिससाठी तिला जऊळक्याहून वाशीमला न्यावं लागे. दिवसभराचं पाणी डॉक्टरांनी एका लहान तांब्यावर आणलं होतं. उन्हानं तहान वाढते, म्हणून मी जुनी कार घेतली ती एसी पाहूनच. पुढच्या उन्हाळ्यात एसी गरम हवा फेकू लागला. वाशीमच्या मेकॅनिकनं बॉनेटखालच्या नळ्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा कुठंच आला नाही. म्हणजे गॅसची गळती डॅशबोर्डमागच्या कॉइलला, सगळं खोलून ती बदलावी लागेल, असं तो म्हणाला. टायरही गुळगुळीत झाले होते आणि पेन्शनमध्ये दोन्ही बसत नव्हतं. मी त्याला फक्त गॅस भरायला सांगितलं.

"काका, फुटक्या घागरीत पानी भरून राह्यले तुमी," तो म्हणाला. जुनी कॉइल शोधून स्वस्तात बसवतो, तोवर काकूंना सकाळच्या पाळीला आणत जा, हेही त्यानं सांगितलं. मी ते हसण्यावारी नेलं. आठवडाभर गाडी गार राहिली, तेव्हा तर मला मीच शहाणा वाटलो.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही परत येत होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं. पुढे ट्रॅक्टर, मागे जीप, आणि एसीतून नुसत्या झळा.

"आवं, थंडी हवा म्हनत होते ना तुमी? ही त भट्टी लावली," ती म्हणाली.

त्यानंतर ती पदरानं ओठ पुसत राहिली, पण पुसायला ओलावा नव्हता. तिच्या वाट्याचं पाणी सकाळीच संपलं होतं. माझी बाटली गिअरजवळ होती. तिची नजर बाटलीवर होती, पण तिनं मागितलं नाही. मालगाडी आली, गेली, तरी फाटक उघडेना. मीच झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती रिकामी केली. घरी आल्यावरही मी तिला पाणी दिलं.

सकाळी छातीत पाणी साचून तिला श्वास घेता येईना. पुन्हा वाशीम गाठलं. पाणी कसं प्यायल्या, असं डॉक्टरांनी मुलादेखत विचारलं. तिच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. मी म्हणालो, "तीच प्यायली. मी गाडी चालवत होतो." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

ती वाचली. मुलगा तिला फार बोलला. घरातला माठ त्यानं उचलून वरच्या फळीवर ठेवला, आणि स्वतःच्या घरात तिला घोटभर पाण्यासाठी सुनेला हाक मारावी लागू लागली.

मी कॉइल बदलून घेतली. पुढच्या खेपेला गार गाडीत तिला म्हटलं, मी पोराला खरं सांगतो.

"कायले? मले बोलून झालं त्याचं," ती म्हणाली. "आता तुमच्यावर चिडून त्यानं गाडीची चाबी काढून घेतली त मले दवाखान्यात कोन नेईन?"

त्यात टोमणा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी ती परवानगी समजलो. ती होती तोवर माठ फळीवरच राहिला.