साखरखेर्ड्याची लढाई एकदाची संपली

शाळेत पोरांच्या टोप्या राहून जातात ना, तसे किस्से राहतात. मालक न्यायला येत नाही, अन् आपल्याला फेकवत नाही. देऊळगाव राजाच्या हायस्कुलात मी चित्रकलेचा मास्तर होतो. आडनाव वाघ, पण जन्मभर काढल्या फुलदाण्या. तिथून निघताना माझ्याकडं असे पुष्कळ किस्से राहिले, आणि त्यातले निम्मे एकट्या मापारी सरांचे.

मापारी सर इतिहास शिकवायचे. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि ज्याला त्याला काहीतरी नवं काढायची हौस आली होती. कोणी पतपेढी काढली, कोणी नाटक मंडळ काढलं. सरांनी लढाई काढली. साखरखेर्डा म्हणजे सरांची सासुरवाडी. जुन्या काळी तिथं निजाम आणि दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार यांची मोठी लढाई झाली आणि सुभेदार तिथंच पडला. सरांनी तिचा खेळ केला. खाटेएवढा पट, सोंगट्या, आणि पत्त्यांची जाडजूड गड्डी. पत्ता उचलायचा, त्यावर लिहिलेलं करायचं. ऐकायला सोपं आहे. पण सरांनी बाजूला बसून समजावून सांगितल्याशिवाय एकही पत्ता कोणाला कळत नव्हता, आणि समजावता समजावता खेळ कधी संपत नव्हता.

सरांचे सासरे गणपतआबा, साखरखेर्ड्याचे मोठे शेतकरी. जावई पत्ते करतो म्हटल्यावर त्यांना गावात मान वर करायची चोरी झाली. एकदा त्यांनी सरांना समोर बसवून सांगितलं, "जावईबापू, उन्हाळ्याच्या सुट्टीत हा खेळ माह्या ओट्यावर मांडा. आम्ही वाचू, आम्ही खेळू. तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. खेळ संपला तर संगं बसून जेवू. नाही संपला तर ही पेटी पुन्हा माह्या दारात दिसली नाही पाहिजे."

सर हो म्हणून आले. आणि मग आमच्या स्टाफरूमची झोप उडाली.

०

पहिला पत्ता हत्तीचा. सरांनी तो गणिताच्या इंगळे सरांच्या हातात दिला आणि स्वतः तोंडावर रुमाल धरून बसले. इंगळे सर म्हणजे हसायचं झालं तरी आधी हिशेब करणारा माणूस. त्यांनी वाचायला सुरुवात केली. हत्ती कुठून आणला, कोणत्या मोहिमेत होता, माहूत कोण, माहुताचा बाप कोण. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी हत्ती पटावर आला नव्हता.

इंगळे सरांनी चष्मा काढला. "सर, हत्ती जिता हाय का मेला, तेवढं सांगा. मले वर्गावर जाऊ द्या."

रुमालाआडून सर म्हणाले, "ते पुढच्या पत्त्यावर हाय."

०

मजकूर कापा, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. सर बाकी सगळं कापायला तयार झाले, पण पदव्या कापायला तयार होईनात. "बादशहानं दिलेल्या पदव्या मी कोण कापणार बे?" निजामाच्या पदव्यांनीच पत्ता भरला. मग त्याचा हुकूम लिहायचा कुठं? सरांनी तो पत्त्याच्या मागच्या बाजूला लिहिला.

आता पत्ता हातात धरला की आपल्याकडं पदव्या, आणि समोर बसलेल्याकडं आपला सगळा डाव. मी समोर बसलो होतो, म्हणून एकामागून एक लढाया जिंकत गेलो. इंगळे सर शांतपणे म्हणाले, "मी काय करणार हावो ते मले माहीत नाही, अन् शत्रूले पाठ हाय."

०

छपाई तोताराम करायचा. बाजारगल्लीत त्याचा छापखाना होता आणि धंदा सगळा लग्नपत्रिकांचा. लग्नसराई चालू होती, तेव्हा त्यानं पत्रिकेची बांधलेली चौकट सोडलीच नाही, नुसता मधला मजकूर बदलला. गड्डी आली. वर गणपती, बाजूला केळीचे खांब, आणि मध्ये: "तोफ फुटली. दोन पाळ्या थांबा. कृपया आहेर आणू नये."

सर कपाळाला हात लावून बसले. तोताराम म्हणाला, "कागद तर चांगला हाय ना?"

तेवढ्यावर भागलं नाही. पत्ते छापून काढलेले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, कुठंतरी ठेवावी लागतात, ती त्यानं दुसऱ्या पत्रिकेच्या चौकटीत ठेवली. गावातल्या एका कापूसवाल्याच्या मुलीचं लग्न होतं, नवरदेव नांदुऱ्याचा. पत्रिका पाहुण्यारावळ्यांत वाटून झाल्या तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की खाली छापलंय, "शत्रू उत्तरेकडून येत आहे. सावध राहावे."

वधूपिता घामाघूम. वऱ्हाड आता येतं की परत जातं? वऱ्हाड आलं, आणि नांदुऱ्याहून यायचं म्हणजे उत्तरेकडूनच आलं. व्याही मोटारीतून उतरले, पत्रिका खिशातून काढली आणि म्हणाले, "दिशा बराबर देली तुम्ही. पण सावध कोणी दिसून नाही राह्यलं. चहा कुठं हाय?"

०

शेवटी सरांनी ठरवलं की परीक्षाच घ्यायची. परीक्षक कोण, तर जालन्याच्या मोटारीचा कंडक्टर. त्याला चालत्या मोटारीत, गर्दीत, तिकीट देता देता जो पत्ता कळेल तो पास. सर त्याच्या मागं उभे राहायचे आणि एकेक पत्ता त्याच्या नाकासमोर धरायचे. मी सोबत असायचो, कारण एकटं जायची सरांना लाज वाटायची.

"रसदेचा मार्ग शत्रूने रोखल्यामुळे सैन्याची उपासमार" असा एक पत्ता होता. कंडक्टरनं तो दोनदा पाहिला. "म्हणजे काय, जेवण बंद?"

"हो हो!" सर हरखले. "जेवण बंद! तेच लिहितो."

कंडक्टरलाही शब्द आवडला असावा, कारण त्यानं मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "जेवण बंद." मागच्या बाकावरच्यांनी तेवढंच ऐकलं. मोटार जेवणाच्या थांब्यावर थांबली आणि एक माणूस खाली उतरेना. जो तो आपली शिदोरी सोडून बसला. हॉटेलवाला हातात झारा घेऊन मोटारीपुढं आडवा उभा राहिला. "कोण म्हणलं बे जेवण बंद?"

सरांनी पत्ता खिशात घातला आणि खिडकीतून बाहेर, शेतांकडं पाहत राहिले. पण त्या दिवसापासून त्यांना गुपित सापडलं. पदव्या गेल्या, माहुताचा बाप गेला. प्रत्येक पत्त्यावर दोन-तीन शब्द उरले. तोतारामाकडून त्यांनी मोठ्या अक्षरात छापून घेतले, आणि आहेराची ओळ निघेपर्यंत तिथून हलले नाहीत.

०

आता फक्त खेळ संपवून पाहायचा राहिला होता. सरांच्या घरी बसलो. निजाम मी, सुभेदार कमलवहिनी, म्हणजे सरांच्या घरच्या. मी पत्ता उचलला, "जेवण बंद." वाचताक्षणी कळला. सरांचे डोळे चमकले.

वहिनींनी आपल्याकडचा धान्याचा पत्ता काढून माझ्यापुढं ठेवला.

"अवो, तो शत्रू हाय तुमचा," सर म्हणाले.

"असू द्या ना. माणूस उपाशी ठेवून कोणी लढते का? अन् वाघ मास्तर, तुम्ही बोलले काऊन नाही आधी?"

पुढं कोणतंही सैन्य उपाशी राहिलं की वहिनी वाढायला तयार. दोन्हीकडची फौज खाऊनपिऊन धडधाकट. दिवेलागणीला आम्ही पट उचलला, लढाई तशीच. सर ओसरीत बसून म्हणाले, "वाघ, पत्ते आता सगळ्यायले कळून राह्यले. पण हे संपत नाही गड्या. आबांच्या दारातून मी पेटी घेऊन कसा निघू?" इतका उतरलेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं.

०

सुट्टी लागली आणि आम्ही साखरखेर्ड्याला गेलो. सर, वहिनी, इंगळे सर, मी आणि पेटी. ओट्यावर पट मांडला. खाली अंगणात निम्मा गाव. आत पुरण शिजत होतं, रसाचे आंबे पाण्यात टाकले होते. सरांनी शब्द निघू नये म्हणून तोंडात सुपारी धरली.

इंगळे सर निजाम झाले. आबांनी पटावर नजर फिरवली आणि विचारलं, "आपल्या गावात पडला तो कोण? सुभेदार? मंग तो मी."

खेळ सुरू झाला. आबा पत्ता हात लांब करून धरायचे आणि मोठ्यानं वाचायचे. "नदीले पूर." अंगणातून कोणीतरी म्हणायचं, "थांबा मंग." "तोफ फुटली." "अरेरे." सरांना कोणी काही विचारलं नाही. पोरं बसली होती, म्हातारे बसले होते, बाया दारात उभ्या होत्या, आणि एकालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. जेवण बंद आलं तेव्हा वहिनी पुढं झाल्या, पण त्यांच्या आईनं त्यांचा हात धरून आत नेलं.

उन्हं कलली. आबांकडं एकच हत्ती उरला. त्यांनी गड्डीतून पत्ता उचलला, लांब धरला, आणि या खेपेला लगेच वाचला नाही. मग वाचला.

"सुभेदार पडला. खेळ संपला."

सरांनी माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं आता टाळ्या होतील.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कवा?"

"आत्ताच," आबा म्हणाले.

"कोणी होतं का जवळ?"

"कोणी नव्हतं. परमुलखातला माणूस."

आत चुलीवरून भांडं उतरवल्याचा आवाज आला. आबांच्या घरच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुरण राहू द्या आज." पुरुष एकेक करून उठले आणि पाय धुवायला विहिरीकडं गेले. इंगळे सर पटावर आपला निजाम धरून तसेच बसले होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "वाघ, जिंकलो मीच ना?" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

थोड्या वेळानं शेजारची बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. पिठलं, भाकरी, वरून कडुलिंबाचा पाला. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाऊबंद आणतात तो कडू घास. मागून दुसरी आली, तिच्यामागं तिसरी.

पंगत ओट्यावरच बसली. आबांनी जावयाला आपल्या शेजारी बसवलं. सरांचं तोंड अजून बंदच होतं. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि जावयाच्या हातावर ठेवला.

"खेळ संपला, जावईबापू," आबा म्हणाले. "जेवा आता."

सरांनी सुपारी थुंकली आणि जेवले.