भांडुपच्या बायबलबाई

बायबलबाई घरात आल्या की आधी दार लावून घ्यायच्या. भांडुपच्या आमच्या चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नसे. लावलंच, तर आत भांडण चाललंय असा अर्थ निघायचा. बाईंना त्याचं काही नव्हतं. बाळाच्या बाप्तिस्म्याआधी त्या यायच्या, आजी, आत्या, शेजारणी सगळ्यांना गॅलरीत काढायच्या, कडी लावायच्या आणि आईबापांना समोर जमिनीवर बसवायच्या. "पाणी पाळक घालतील, पेढे शेजारी खातील. शब्द मात्र तुम्ही दोघं देणार. मला तुम्ही दोघंच पाहिजेत," असं त्यांचं म्हणणं. बाहेर सासवा धुसफुसत बसायच्या.

मुलुंडला आमची मराठी ख्रिस्ती मंडळी होती, म्हणजे चर्च, लहानशीच. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, आणखी दोन ठिकाणच्या उपासना, त्यामुळे आईबापांची तयारी करून घ्यायचं काम बाईंवर आलं होतं. त्या मूळच्या नगरकडच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. घरोघर जाऊन वचन वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, म्हणून बायबलबाई. खरं नाव कुणी घेत नसे. फिकट सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि ऐकू कमी येतं असं भासवणारा चेहरा. प्रत्यक्षात त्यांना सगळं ऐकू यायचं.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: लेकराला बाप्तिस्मा का द्यायचा? "पद्धत आहे म्हणून" हे उत्तर त्यांना चालत नसे. आमच्याच चाळीतल्या एका बापाचं पोर शाळेच्या वयाला आलं होतं; त्याने खरं ते सांगून टाकलं, की कॉन्व्हेंटात प्रवेश घ्यायचाय, दाखला लागतो. बाई रागावल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीसमोर काय काय कबूल करावं लागतं ते त्यांनी त्याला सावकाश वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, यातलं जे तुला करायचं नाही ते आत्ताच सांग, म्हणजे पाळकसाहेब तेवढं गाळतील. पुढे दोन महिने दर आठवड्याला तो बाईंकडे जात होता. दाखला मिळाला, पण शाळेत प्रवेशाचे दिवस उलटून गेले होते.

आमच्या पहिल्या मुलाच्या वेळी, आशिषच्या वेळी, बाईंना फारसं शिकवावं लागलं नाही. माझा नवरा अनिल कारखान्यात फिटर. बोलणं कमी, पण त्या दिवशी त्याने नीट उत्तर दिलं. म्हणाला, हा माझा आहे तसाच देवाचाही आहे, हे मला सगळ्यांसमोर म्हणायचंय. बाई मान डोलवत राहिल्या. आशिषचा बाप्तिस्मा थाटात झाला. त्यानंतर काही महिन्यांतच त्याला मेंदूज्वर झाला आणि तो गेला.

अनिलने उपासनेला जाणं सोडलं. भांडण नाही, वाद नाही, रविवार आला की तो सायकल पुसत बसायचा. बाई मात्र यायच्या. पिशवीतून बायबल काढायच्या नाहीत. माझ्याजवळ बसून लसूण सोलायच्या, भाजी निवडायच्या, आणि निघताना आशिषचं नाव घेऊन लहानशी प्रार्थना करायच्या. त्यांची चाहूल लागली की अनिल चपला घालून बाहेर पडायचा.

गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव आम्ही रूथ ठेवलं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बाप्तिस्म्याचा विषय काढला. अनिल म्हणाला, "हिला नाही." एवढंच. सासूबाई रडल्या, जेवायच्या थांबल्या, पाळकसाहेबांना घरी बोलावून बघितलं. तो जागचा हलला नाही. सासूबाईंना भीती होती की पाण्याशिवाय ही पोरही हातची जाईल. अनिलच्या मनात काय होतं ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. आणि मी दोघांच्या मध्ये. बाळ शिंकलं तरी सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी अनिलकडे.

रूथ सहा महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. मुलुंडच्या दवाखान्यात तिला नाकात नळी घालून ठेवली होती. छाती भात्यासारखी खालीवर व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या, मग सांगतो. आशिषच्या वेळीही हेच शब्द होते. अनिल औषधं आणायला खाली गेला आणि सासूबाईंनी बाईंचा हात धरला. बाई सकाळपासून आमच्यासोबतच होत्या. पाळकसाहेब गावाला गेले होते, आणि अशा वेळी कुणीही विश्वासणारा माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो हे सासूबाईंना ठाऊक होतं.

त्यांनी स्टीलच्या पेल्यात पाणी भरून आणलं. "बाई, तो वर यायच्या आत उरकून घ्या. त्याला कळायचं नाही," त्या म्हणाल्या. मीही हात जोडले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शास्त्र नको होतं, मला माझी मुलगी हवी होती.

बाईंनी पेला हातात घेतला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू आई आहेस. तू मागितलंस तर मी नाही म्हणणार नाही. पण चोरून नाही. तो आला की त्याच्यासमोर विचारीन."

मी त्यांना नको ते बोलले. पोर जाईल आणि तुम्ही नियम सांभाळत बसा, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. पेला तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. अनिलला वर यायला किती वेळ लागला कोण जाणे, मला तो संपता संपेना. सासूबाई पदराने तोंड झाकून बसल्या होत्या.

अनिल आला. त्याने पेला पाहिला आणि त्याला कळलं.

बाई म्हणाल्या, "अनिल, तुझी बायको आणि आई हिचा बाप्तिस्मा मागतायत. मला द्यायचा आहे. तुझ्यापासून लपवून देणार नाही."

त्याने औषधांची पुडी खाटेवर ठेवली. मग म्हणाला, "त्याला दिला होता ना? काय झालं?"

"गेला."

"मग कशासाठी? घाला, पाणी घाला. पण ही गेली तर आमच्या घरी परत पाऊल टाकू नका."

"ही गेली तर मला यावंच लागेल," बाई म्हणाल्या. "बाप्तिस्मा म्हणजे ताईत नाही, अनिल. आशिष जगेल असं मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी खोटारडी ठरले असते. तो कुणाचा आहे, एवढंच आपण सगळ्यांनी मिळून म्हटलं. तो गेला म्हणून ते खोटं झालं नाही. तो देवाचाच आहे. तुझाही आहे."

अनिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मुलगा गेल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मग तोंड न वळवताच त्याने विचारलं, "पाणी न घालता ही गेली, तर देव हिला टाकेल?"

"नाही," बाई लगेच म्हणाल्या.

सासूबाईंनी चमकून वर पाहिलं. हे उत्तर त्यांना कुणी कधी दिलं नव्हतं.

"मग आज नको," अनिल म्हणाला. "भीतीने नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी रूथकडे पाहिलं, अनिलच्या पाठीकडे पाहिलं आणि 'नको' अशी मान हलवली. का हलवली, ते आजही मला पुरतं सांगता येणार नाही. बाईंनी ते पाणी सासूबाईंना प्यायला दिलं, त्यांनी सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. मग खाटेजवळ गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली, रूथसाठी एकदा आणि अनिलसाठी एकदा. दुपारी ताप चढला, संध्याकाळी आणखी चढला. दुसऱ्या दिवशी तो उतरायला लागला आणि रूथ दुधासाठी रडली.

सासूबाईंनी बाईंशी बोलणं टाकलं ते कितीतरी दिवस. पण एका रविवारी अनिलने सायकल पुसली आणि तिच्यावर बसून तो कांजूरला बाईंच्या खोलीवर गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने एकदम सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बाईंनी त्याला शास्त्र नंतर शिकवलं, आधी आशिषबद्दल बोलायला लावलं. कसा हसायचा, काय धरून उभा राहायचा. तो जायचा, गप्प परतायचा, पुन्हा जायचा. रूथचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती चालायला लागली होती. पाळकसाहेबांनी पाणी घातल्यावर तिने त्यांचा झगा धरून ठेवला आणि मंडळी हसली. अनिलने कबुलीचा शब्द न् शब्द मोठ्याने म्हटला. बाहेर आल्यावर त्याने रिक्षा थांबवली ती घरी जायला नव्हे, कबरस्तानात जायला. मातीच्या त्या लहान उंचवट्यापाशी तो ओल्या केसांच्या मुलीला कडेवर घेऊन उभा राहिला. दफनानंतर तो पहिल्यांदाच तिथे आला होता.

पुढे बाईंचे गुडघे गेले. पुतण्या त्यांना नगरला घेऊन गेला. निघायच्या दिवशी सासूबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं, आग्रह करकरून वाढलं, दवाखान्याचं मात्र नाव काढलं नाही. बाईंनीही काढलं नाही. दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं ते माती होऊन गेल्यावर.

त्यानंतर मंडळीत एक तरुण जोडपं बाप्तिस्म्यासाठी बाळ घेऊन आलं. घरी जाऊन त्यांच्याशी कोण बोलणार असं पाळकसाहेबांनी विचारलं. अनिल उठून उभा राहिला, आणि मी त्याच्याबरोबर गेले. त्या घरातल्या बापाने आम्हाला पाणी दिलं आणि जरा संकोचून विचारलं, "काका, एकदा बाप्तिस्मा झाला की मग पोराला काही होणार नाही ना?"

अनिलने बाळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठेल.

"आजारपण येतंच," तो म्हणाला. "आलं की आम्हाला निरोप धाडा. आम्ही येऊ."