सावडीत दवाखान्याचा दिवस

वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात मी व्हॅक्सिन कॅरियर शेजारी ठेवून बसले होते. व्हॅक्सिन कॅरियर म्हणजे लशी गार ठेवायचा डबा. आत बर्फाचे पॅक असतात. यादीत सात मुलं होती. अकरा वाजून गेले तरी एकही आई फिरकली नव्हती. वाडीची आशा सेविका कमल घरोघर फिरून आली आणि म्हणाली, "शिष्टर, घरात निस्त्या म्हाताऱ्या हायेत. आई न्हाई तर पोरगं देत न्हाई म्हणत्यात."

मी नर्स आहे, सरकारी भाषेत एएनएम. कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेली ही वाडी नऊ वर्षं माझ्याकडे आहे. भातलावणीच्या दिवसांत इथलं लसीकरण दरवर्षी गडगडायचं, पण त्या जुलैत पलीकडच्या वाडीत गोवराचे पेशंट निघाले होते. माझ्या यादीतल्या मंदाच्या पिंकीला गोवराचा एकही डोस मिळाला नव्हता. सव्वा वर्षाची पोर, हातापायाच्या काड्या. अशा मुलाला गोवर झाला की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. मला तिची खरंच भीती वाटत होती.

डबा जसाच्या तसा परत नेला. आमचे एमओ, म्हणजे आरोग्य केंद्राचे डॉक्टर, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी रिपोर्ट पाहिला.

"पुन्हा शून्य? सिस्टर, जागृती करा."

"तीनदा केली, सर. पोस्टरं लावली, भोंगा फिरवला."

"मग चौथ्यांदा करा."

त्याच आठवड्यात लोणावळ्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. विषय, 'सिस्टिम्स थिंकिंग आणि सामाजिक बदलासाठी नेतृत्व'. मी वैतागूनच गेले. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत माझी रिक्षा तासभर अडकली. पोचले तर तिथे चांगली मोठी माणसं चार्टपेपरवर गोल आणि बाण काढत बसलेली. अंगणवाडीत आल्यासारखं वाटलं.

ट्रेनर बाईंनी मलाही स्केचपेन दिलं. मधल्या गोलात अडचण लिहायची, ती कशामुळे घडते ते बाजूच्या गोलांत लिहायचं आणि बाणांनी जोडायचं. मी मधे लिहिलं, 'आया येत नाहीत'. बाजूला लिहिलं, 'जागृती नाही'. काम संपलं म्हणून पेनचं टोपण लावलं.

बाई म्हणाल्या, "ही आई त्या वेळी नेमकी कुठे असते?"

"शेतात."

"कोणाच्या?"

पोरांची जन्मतारीख, लशीचा बॅच नंबर सगळं मला पाठ. आई कोणाच्या शेतात असते, हे नऊ वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. कधी कधी आपला उपायच फिरून मूळ अडचण वाढवतो, पण मधे वेळ जातो म्हणून आपल्याला कळत नाही. "तुम्ही केलेल्या उपायांचाही एक गोल काढा," त्या म्हणाल्या. मी तो रिकामाच ठेवला. घरी आले तरी तो रिकामा गोल डोक्यातून जाईना.

सोमवारी मी डबा न घेता वाडीवर गेले. बायका वाडीतल्या बारकूच्या खाचरात होत्या. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. मी बांधावर बसून बघत राहिले. पंधरा बायका एका ओळीत वाकून मागे सरकत रोपं लावत होत्या. अधूनमधून ठकूमावशी हाक द्यायची आणि ओळ सरळ व्हायची. ठकूमावशी सत्तरीची. वाडीत ना पंच, ना बचत गटाची अध्यक्ष. माझ्या कोणत्याही रजिस्टरमध्ये तिचं नाव नव्हतं, कारण तिला ना लस लागत होती, ना तिचं बाळंतपण करायचं होतं.

दुपारी भाकरीला सगळ्या बांधावर आल्या. मंदा मला बघून पाठ करून बसली. मी ठकूमावशीजवळ सरकले.

"मावशी, लशीला बायका का येत नाहीत?"

"येतील कशा? सावड चाललीया."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. कोणाचं शेत कधी, हा क्रम ठकूमावशी ठरवायची, बोटांच्या पेरांवर मोजून.

"पण माझं काम तासाभराचं असतं."

"तास तुज्याकडं. आमच्यात दिस असतो. मधनंच उटून गेली की तिचा दिस मोडला. त्यो परत द्यावा लागतो. वर पोरगं तापलं की दुसऱ्या दिसाची बी बोंब."

आणि मग मंदाकडे हनुवटी करून म्हणाली, "गेल्या साली तू गाडी आणलीस आन हिला ह्याच खाचरातनं उचलून नेलीस. पोर चार दिस तापली. सावड संपली, बारकूचा दिस ऱ्हायला तो ऱ्हायलाच. तवापास्नं तुजी गाडी दिसली की ही रानात जाती."

त्या गाडीबद्दल मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. रिकाम्या गोलात काय लिहायचं ते आता कळलं. पिंकीचा डोस चुकवला होता तो मंदाने नाही, माझ्या गाडीने.

मग मी विचारलं, "मावशी, एका दिवशी सगळ्याच आल्या तर?"

ती भाकरी चावत राहिली. "मग कुणाचाच दिस मोडत न्हाई. पण सावड घराची असती. दवाखान्याचं हितं घर कुटं हाय?"

"शाळेचा व्हरांडा धरा."

"धरला." तिने पेरं मोजली. "शुक्करवार घे. पण दिस घेतला की दिस द्यावा लागतो. देशील?"

मी हसले. ती हसली नाही.

आमचं सत्र, म्हणजे लसीकरणाचा ठरलेला दिवस, मंगळवारचा. तो बदलायला एमओंची सही लागते.

"एका वाडीसाठी दिवस बदलायचा?"

"सर, तोच दिवस ठेवून आपल्याला काय मिळालं?"

"आणि शुक्रवारी नाही आल्या तर?"

"तर लेखी खुलासा मी देईन."

शुक्रवारी नऊला पोचले. व्हरांडा भरलेला होता. पायाला चिखल नाही, सगळ्यांच्या वेण्या घातलेल्या. पोरांना काजळ. गोवराच्या लशीची कुपी एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते. मला तासही लागला नाही. मंदा सगळ्यात शेवटी आली. तिने पिंकीचा दंड घट्ट धरून ठेवला. लशीनंतर अर्धा तास थांबायचं असतं. दरवर्षी मी त्यासाठी ओरडायचे. त्या दिवशी कोणाला जायचंच नव्हतं. दिवस दवाखान्याचा होता. चहा झाला, उखाणे झाले. संध्याकाळी दोन पोरं तापली, पण आया घरीच होत्या.

पुढच्या बुधवारी मी रजा टाकून दिवस फेडायला गेले. मला वाटलं, ठकूमावशी हौस म्हणून चार रोपं लावायला देईल. तिने मला सरळ बारकूच्या लावायच्या उरलेल्या खाचराकडे नेलं.

"हितं मंदीचा दिस मोडला व्हता. तुज्यामुळं मोडला. त्यो तू भर."

बांधावर मंदा पिंकीला कडेवर घेऊन उभी होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला मोठ्याने हसताना पाहिलं. मग पोरीला खाली बसवून तीही माझ्या शेजारी चिखलात उतरली आणि रोप कसं धरायचं ते दाखवलं. मी संध्याकाळपर्यंत वाकले. कंबर मोडली, पण मन हलकं झालं.

पिंकीला गोवर झाला नाही. वाडीत कोणालाच झाला नाही. सत्राचा दिवस आता लावणीत ठकूमावशी सांगते आणि एमओ सही करतात.

नंतर ट्रेनिंगचा फॉर्म आला. 'आपण दाखवलेले नेतृत्व' असा रकाना होता. मी ठकूमावशीचं नाव लिहिलं. फॉर्म परत आला, शेरा होता, 'स्वतःबद्दल लिहावे'. मग खरं ते लिहिलं, 'एक दिवस भात लावला. ओळ वाकडी आल्याने दुसऱ्या दिवशी मंदाने पुन्हा लावली.'