शनिवारची गोळी

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं आमच्या घरातून आधी वडील नेले, मग थोरला भाऊ. मी मात्र धडधाकट. चौथी शिकलेला, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. पेन्शनीत निघालो आणि मुलीकडे बिबवेवाडीला राहायला आलो. तिकडे हिंजवडीला काचेच्या इमारती उगवत होत्या. मुलगी त्यातल्याच एकीत कॉम्प्युटरवर काम करायची.

तिनंच मला आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. गुंगीचं इंजेक्शन देऊनही मी पुरता झोपलो नाही. समोरच्या पडद्यावर माझंच आतडं दिसत होतं, पिकल्या अंजिराच्या आतल्या रंगाचं, ओलसर, वळणावळणाचं. एक दिवा त्यातून पुढं पुढं चालला होता आणि मी त्याच्यामागून. वाटलं, वडील याच वाटेनं गेले असतील, पुढच्या वळणावर पाठमोरे दिसतील. भीती अशी वाटलीच नाही. भिंतींवर कुठं कुठं बारके कोंब होते, ओल्या ओंडक्यावरच्या अळंब्यांसारखे. डॉक्टर तारेच्या फासानं ते एकेक काढत होते. मला वाटलं, कुणीतरी फुलं खुडतंय.

नंतर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हे कोंब आज साधे आहेत. वाढू दिले तर एखाद्याचा पुढं कॅन्सर होतो." त्यांनी एक गोळी लिहून दिली. शरीरातलं एक एन्झाइम या कोंबांना वाढायला मदत करतं, गोळी त्याचं काम अडवते, असं ते म्हणाले. "पुन्हा येण्याची शक्यता कमी होते. कमी म्हणतोय मी, हमी देत नाही. तपासणी चुकवायची नाही. आणि गोळी रोज जेवणानंतरच. रिकाम्या पोटी घेऊन रक्तस्राव झाला तर मला सांगायला येऊ नका."

"पण मला काही दुखत नाही," मी म्हणालो.

"दुखायची वाट बघायची नसते."

हे मला पटलं. कारखान्याच्या फाटकावर आमच्या काडेपेट्या काढून घेत. नवी पोरं हसत, मी कधी हसलो नाही. दिवसभरात काही घडलं नाही, हीच आमची कमाई होती.

गोळी इमानानं घ्यायला लागलो. फक्त शनिवारी नाही. शनिवारी मारुतीचा उपास, लहानपणापासूनचा.

एकदा मुलीनं विचारलं, "बाबा, पाकिटात गोळ्या उरतात कशा?"

"शनिवारी जेवण नसतं. डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलंय."

"आणि ताटभर साबुदाण्याची खिचडी कोण खातं? मारुती?"

"खिचडीला जेवण म्हणत नाहीत."

"मग डॉक्टरांना विचारा."

"त्यांना काय विचारायचं? नियम त्यांचाच."

दुखणं घराण्यात चालत आलेलं, म्हणून तिनंही तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती 'प्रोजेक्ट संपू दे' म्हणत टाळत होती. मी संधी साधली. "तू तुझी तपासणी कधी करतेस ते सांग आधी."

"तुमचा शनिवार संपला की," ती म्हणाली आणि पर्स उचलून कंपनीची बस गाठायला निघाली. हट्ट माझाच, तिच्या तोंडून मला उलटून बोलत होता.

दुपारी डोळा लागला. पुन्हा ती अंजिरी वाट. पण दिव्यामागून आता मी नव्हतो, दोन वेण्यांची एक पोर चालली होती, शाळेच्या वयातली माझीच लेक. हाक मारायला गेलो आणि जाग आली.

पुढच्या शनिवारी मी म्हणालो, "वरणभात लाव."

ती बघतच राहिली. मग तिनं कुकर चढवला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. भात भातासारखाच लागला. पाण्याबरोबर गोळी घेतली, हात धुतले आणि म्हणालो, "आता तू."

माझ्यासमोरच तिनं फोन लावला.

तिच्या तपासणीला मी बाहेर बाकावर बसून होतो. डॉक्टर आले. "एक कोंब होता. काढलाय, तपासायला पाठवतो. पण वेळेत आणलंत." मारुतीचं नाव ओठांवर आलं, आणि त्याचा उपास मोडल्याची जरा लाजही वाटली.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर झोपली. गुंगीतच पुटपुटली, "मीटिंग आहे का?"

"नाही. झोप."

स्वारगेटच्या चौकात मागून हॉर्न सुरू झाले. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, मागचे शिव्या घालतायत."

"घालू दे. तू हळूच चालव."

दुकानं, पाट्या, मोटारसायकली, सगळं पाण्याखालून सरकावं तसं सरकत होतं. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.