अर्धा तास हात न लावता

तारवाले काका एका छोट्या इंटरनेट कंपनीत वीस वर्षं यंत्रं सांभाळत होते. सकाळी बाहेरच्या जगाशी जोडणी तुटली आणि काकांनी धास्तावून तळघरातलं मुख्य यंत्र सहा वेळा बंद करून चालू केलं. तेव्हा जिच्याकडून जोडणी येते त्या मोठ्या कंपनीतल्या बाई फोनवर कडाडल्या, "काका, सारखी तुटणारी-जुळणारी जोडणी आमची यंत्रं धरतच नाहीत! दर बंद-चालूला तुम्हाला बाहेर ठेवायची शिक्षा वाढते. आता अर्धा तास हात लावू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्यांचंच इंटरनेट वापरणाऱ्या इस्पितळातून फोनवर फोन येत होते. काकांनी शिव्या खाल्ल्या, पण ते हलले नाहीत.

एकोणतिसाव्या मिनिटाला साहेब तणतणत आत आले. "नुसते बसून काय राहिलात? शेवटी मीच खाली जाऊन बंद करून चालू केलं!"