आमटीतली व्होल्गा

यंदाच्या गणेशोत्सवात, शनिवारी आरती झाल्यावर, अ‍ॅशबर्न गावातल्या आमच्या मराठी मंडळाने सबनीसकाकांवर सरळसरळ अन्याय केला. त्यांचं ठरलेलं भाषण ऐन वेळी कॅन्सल केलं. विषय काय, तर व्होल्गाकाठचं एक गाव. तरुणपणी काका तिथे बोटबांधणी शिकले. कमिटी म्हणाली, "रशिया? नको काका, उगाच पॉलिटिकल होईल." आणि त्यांच्या जागी उभं कोणाला केलं? डेटा सेंटरशेजारी प्लॉट विकणाऱ्या एजंटला!

काका चिडले नाहीत. चिडायचं खातं माझ्याकडे आहे. "तू भांड गं, मी वाढतो," म्हणाले आणि एप्रन बांधून आमटीच्या पातेल्यामागे उभे राहिले.

कुठल्याही गावात गाडी शिरली की काकांचा पहिला प्रश्न, "या गावाचं पोट कशावर चालतं?" गॅस स्टेशनवरच्या माणसालाही ते हेच विचारणार. त्या दुपारी त्यांनी माझ्या ताटात आमटी ओतली नि सुरूच केलं.

"ही व्होल्गा. पुरी म्हणजे धान्याची नाव. खांद्यावर दोर घेऊन माणसं ती काठाने ओढायची. हा बटाटा आमचं गाव, व्यापारावर गबर झालेलं. मग रेल्वे आली, ती नेमकी पलीकडच्या काठाने. गाव बसलं!"

"मग?"

"मग बोटींचा कारखाना आला. सगळे त्याच्यावर जगले. तोही बंद पडला. आता क्रूझवाले घटकाभर उतरतात, लोकरीचे बूट घेतात, जातात."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, लाइन सरकवा यार!"

"कशी सरकवू? नदी गोठलीय!" म्हणत त्यांनी आमटीत श्रीखंडाचा गोळा सोडला.

"अहो, तिला जेवायचंय ते!" मागच्या काकू किंचाळल्या.

हसणं ऐकून हॉलमधले लोक उठून आले. एजंटसमोर त्याची बायको तेवढी उरली. मग तीही आली.

"अँड अ‍ॅशबर्न, काका?" एका मुलीने विचारलं.

"तूच सांग. आपलं पोट कशावर चालतं? आणि उद्या आपली रेल्वे पलीकडून गेली तर?"

निम्मी लाइन डेटा सेंटरमध्ये नोकरीला. खरं भाषण इथून पुढे होतं, पण आमटी संपली.

पुढच्या महिन्यात काका कायमचे चँडलरला चाललेत, मुलीकडे. त्याआधी, या रविवारी, मंडळाची मीटिंग आहे. तुम्ही या. कमिटीकडे बघून मान डोलावत बसू नका. हात वर करा आणि काकांसाठी माइक मागा.